व्हेराची उलटतपासणी

या पिक्चरमध्ये एक मोठी चूक आहे आणि ती मला तीनदा बघूनही दिसली नाही, कारण आपल्याकडे ती चूकच नाही. हिरो रस्त्याच्या कडेला अंगठा दाखवून लिफ्ट मागत असतो, गाडी थांबते, तो बसतो, गाडी निघते. ड्रायव्हर उजवीकडे बसलेला, गाडी रस्त्याच्या डावीकडून चाललेली. मी सांगलीत वाढलेली बाई, मला त्यात काय खटकणार? पण हा पिक्चर अमेरिकेतला आहे, तिकडे स्टिअरिंग डावीकडे असतं आणि गाड्या उजवीकडून चालतात. झालं असं होतं की हिरो न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला चाललाय, म्हणजे पश्चिमेकडे, म्हणजे नकाशावर उजवीकडून डावीकडे, आणि शूट केलेले काही शॉट्स नेमके उलट दिशेचे निघाले. परत शूट करायला पैसे कुठले? मग फिल्मच उलटी करून लावली. माणूस पश्चिमेला निघाला, फक्त सगळ्या अमेरिकेने त्या दोनचार शॉट्सपुरती आपली साईड बदलली.

पिक्चरचं नाव 'डीटूर', १९४५ चा. आपल्याकडे रस्त्याचं काम चालू असलं की 'पर्यायी मार्ग' म्हणून पिवळा बोर्ड लावतात ना, तो. लांबी अडुसष्ट मिनिटं फक्त. आणि मला लिहायचंय ते पिक्चरबद्दल कमी आणि त्याच्या निम्म्यात उगवणाऱ्या एका बाईबद्दल जास्त, व्हेरा नावाच्या, आणि तिचं काम करणाऱ्या ॲन सॅव्हेजबद्दल. हे नाव तुम्ही ऐकलं नसेल तर तुमचं काही चुकलेलं नाही, तिच्या काळातही ते फार कोणी ऐकलेलं नव्हतं.

मूळ नाव बर्निस मॅक्झिन लायन. जन्म १९ फेब्रुवारी १९२१, साऊथ कॅरोलायनातल्या कोलंबिया शहरात. वडील मिलिटरीत, त्यामुळे लहानपणी गावं बदलत राहिली आणि शेवटी मुक्काम पडला लॉस एंजेलिसला. तिथे मॅक्स राइनहार्ट या जर्मन नाट्यसृष्टीतल्या बड्या असामीने नाझींपासून निघून येऊन ॲक्टिंगची शाळा काढली होती, तिथे ही शिकली. त्याच शाळेचं व्यवस्थापन बघणारा बर्ट डार्मंड नावाचा माणूस पुढे तिचा मॅनेजर झाला आणि त्याच्याही पुढे नवरा. वयाच्या एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी हिला कोलंबिया स्टुडिओचं कॉन्ट्रॅक्ट मिळालं. (कोलंबियात जन्मली आणि कोलंबियात नोकरीला लागली, आमच्या आजीने यावर नक्की काहीतरी योग काढला असता.)

कॉन्ट्रॅक्ट म्हणजे पगारी नोकरीच हो. त्या वेळी तिकडे एका तिकिटात दोन पिक्चर दाखवायची पद्धत होती, एक मोठा, स्टार लोकांचा, आणि त्याच्याआधी किंवा नंतर एक तासाभराचा स्वस्तातला. हा दुसरा म्हणजे बी पिक्चर. मोठ्या पिक्चरच्या गल्ल्यात स्टुडिओला टक्केवारी मिळायची, बी पिक्चरला ठरलेलं भाडं, हिट होवो न होवो. म्हणजे तो चांगला करून कुणाचाच फायदा नाही. वेळेत आणि बजेटमध्ये संपवा, बाकी देव बघेल. ॲन या खात्यात होती. १९४३-४४ ची तिची यादी बघितली तर एक बॉस्टन ब्लॅकी नावाच्या भुरट्या डिटेक्टिव्हच्या सिरीजमधला, एक सोन्याच्या खाणीवाल्या क्लोंडाइकचा, एक पाणबुडीचा, असं काहीही. युद्ध चालू होतं, त्यामुळे सैनिकांना भिंतीवर लावायला फोटो हवे असायचे, त्यातही ती होती, 'एस्क्वायर' मासिकात तिचा पिनअप आला होता. सोनेरी केस, गाल वर आलेले, हसतेय. तो फोटो बघून कुणाला वाटणार नाही की हीच बाई वर्षभरात काय करणार आहे.

आता एक कबुली. मी एका वकिलांच्या ऑफिसात काम करते, सतरा वर्षं झाली. तारखांची डायरी ठेवणं, बोर्ड बघणं, नकला काढणं, पक्षकारांना बसवून ठेवणं आणि चहा सांगणं. जबाब टाइप करून करून माझी अशी अवस्था झालीय की घरी पोरगा शाळेतली भांडणं सांगायला लागला तरी माझं डोकं विचारतं, दुसऱ्या पार्टीचं म्हणणं काय? तर 'डीटूर' मी याच डोक्याने बघितला, आणि मला वाटतं म्हणूनच तो मला लागला.

गोष्ट अशी. ॲल रॉबर्ट्स, नाइटक्लबमध्ये पियानो वाजवणारा, रस्त्यावरच्या एका हॉटेलात बसून मनातल्या मनात आपली कर्मकहाणी सांगतोय. प्रेयसी लॉस एंजेलिसला गेली, तिच्यासाठी हा निघाला, खिशात पैसे नाहीत म्हणून लिफ्ट मागत. हॅस्केल नावाचा एक मालदार माणूस त्याला गाडीत घेतो. हॅस्केलच्या हातावर खोल ओरखडे, तो म्हणतो एका बाईला लिफ्ट दिली होती, तिने ओरबाडलं, उतरवली तिला. रात्री पाऊस येतो, ॲल गाडी चालवतोय, टप वर घ्यायला थांबतो, हॅस्केलच्या बाजूचं दार उघडतो आणि हॅस्केल बाहेर कोसळतो, डोकं दगडावर. मेला. आता ॲल काय म्हणतो, पोलीस माझ्यावर विश्वास ठेवणार नाहीत. म्हणून तो प्रेत झुडपात टाकतो, त्याचे कपडे घालतो, पाकीट घेतो, गाडी घेतो, नावही घेतो. सगळं नाइलाजाने बरं का. नशिबाने केलं, माझा काही दोष नाही.

आमच्याकडे असे जबाब रोज येतात. सर नुसते ऐकून घेतात आणि माणूस बाहेर गेला की माझ्याकडे बघतात. कारण हा सगळा एकतर्फी जबाब आहे, मेलेला माणूस येऊन काही सांगणार नाही आणि कॅमेरा जे दाखवतो ते ॲल सांगतो तेवढंच दाखवतो. अर्धा तास हे असंच चालतं, तुम्हीही मान डोलवायला लागता, बिचारा.

मग एका पेट्रोल पंपावर एक मुलगी उभी असते, अंगठा दाखवत. ॲल तिला गाडीत घेतो. त्याच्याच शब्दांत सांगायचं तर जगातल्या सगळ्यात भिकार मालगाडीतून फेकून दिल्यासारखी दिसत असते. ती नाव सांगते, व्हेरा, तेही तुला हाक मारायला काहीतरी हवं म्हणून घे, अशा थाटात, आणि दाराला डोकं टेकून झोपते. तो तिच्याकडे बघत बघत गाडी चालवतो, मनात तिच्याबद्दल कवितेसारखं काहीतरी बोलतो, आणि मग.

हा शॉट मी थांबवून थांबवून बघितलाय. झोपलेली बाई कशी उठते, आधी कूस, मग जांभई, मग कुठे आलो विचारते. ही तसं काही करत नाही. ती खाडकन सरळ होते, मान सरळ त्याच्याकडे वळते, डोळे असे की झोपलेच नव्हते कधी, आणि पहिला प्रश्न: प्रेत कुठे टाकलंस? या गाडीचा मालक कुठेय? कारण हॅस्केलला ओरबाडणारी बाई हीच. तिला माहितीय की हा माणूस हॅस्केल नाही. जगात एकच व्यक्ती त्याचा जबाब खोडू शकत होती आणि त्याने तिलाच लिफ्ट दिली.

इथून पुढे अर्धा तास पिक्चरमध्ये फक्त उलटतपासणी आहे. ॲल आपली दगडाची गोष्ट तिला सांगतो आणि ती ती ऐकून घेत नाही, म्हणजे ऐकते पण असं तोंड करून की आमचे सरसुद्धा उठून उभे राहतील. पैसे काढ. सातशे अडुसष्ट डॉलर? एवढेच? हॅस्केल तर मला घोड्यावर तीन हजार लावणार म्हणत होता, बाकीचे कुठे दाबलेस? लक्षात घ्या, खून केलास का यावर ती वेळ घालवत नाही, तो तिच्या दृष्टीने निकाली निघालेला मुद्दा आहे, ती थेट मुद्देमालावर येते. मी इतक्या वर्षांत चांगल्या चांगल्या सीनियर वकिलांना हे इतकं नीट करताना पाहिलेलं नाही.

आणि ॲन सॅव्हेज हे ज्या स्पीडने बोलते! दिग्दर्शक एडगर उल्मर तिला सारखं सांगायचा, अजून फास्ट, अजून फास्ट, हे तिने नंतर मुलाखतींमध्ये सांगितलंय. वाक्य संपायच्या आत पुढचं वाक्य. ओठ जवळजवळ हलत नाहीत, दात दिसतात. मध्येच खोकते, व्हेराला क्षय आहे हे पिक्चर तुम्हाला बाजूबाजूने कळू देतो, तिच्याकडे वेळ कमी आहे, म्हणून तिचं सगळं घाईतच आहे. दया वाटावी असं ती काहीच करत नाही, आणि त्या खोकल्याच्या वेळी तरीही वाटतेच. मला तरी वाटली.

केसांची गोष्ट मजेदार आहे. पहिल्या दिवशी ती नट्या येतात तशी केस नीट करून सेटवर आली. उल्मरने बघितलं आणि हेअरड्रेसरला बोलावून तिच्या केसांत कोल्ड क्रीम चोपडायला लावलं, विस्कटायला लावलं, चेहऱ्यावर मळ दिसेल असा मेकअप. वाळवंटात लिफ्ट मागत फिरणाऱ्या बाईचे केस असेच असणार ना! पण १९४५ च्या हॉलिवूडमध्ये मोठ्या स्टुडिओच्या हिरॉइनच्या केसांना असं कोणी करू शकलं असतं का? तिचा एजंट आला असता, स्टुडिओचा माणूस आला असता, चार फोन झाले असते. ॲनला विचारणारं कोणी नव्हतं. मला वाटतं इथेच खरी गंमत आहे, ती मोठी नव्हती म्हणूनच व्हेरा होऊ शकली. मोठ्या नटीची व्हेरा शेवटी कुठेतरी सुंदर दिसली असती आणि मग संपलं सगळं.

उल्मरही तसलाच, चांगला जागचा उठून इथे आलेला. बर्लिन-व्हिएन्नातला माणूस, युनिव्हर्सल स्टुडिओत उत्तम चाललं होतं, आणि त्याचं प्रेम जमलं ते स्टुडिओच्या मालकाच्या भाच्या-पुतण्यांपैकी एकाच्या बायकोवर. तिने घटस्फोट घेऊन याच्याशी लग्न केलं, संसार शेवटपर्यंत टिकला, पण मोठ्या स्टुडिओंची दारं बंद. मग पीआरसी नावाच्या कंपनीत, हॉलिवूडच्या ज्या टोकाला 'गरिबांची आळी' अशाच अर्थाचं नाव होतं तिथे, तो पिक्चर काढत बसला. तो सांगायचा की 'डीटूर' सहा दिवसांत केला. पुढे अभ्यासकांनी कागद काढले तर शूटिंग त्याच्या दुपटीहून जास्त चाललेलं निघालं. (बघा, इथेही एकतर्फी जबाब.) पण पैसा नव्हता हे खरंच, न्यूयॉर्कच्या रस्त्याचा सेट परवडेना तर नुसतं धुकं सोडलंय आणि त्यातून दोघं चालताना दाखवलीत, बस, झालं न्यूयॉर्क.

हिरो टॉम नील. कोलंबियात ॲनबरोबर आधी तीन पिक्चर केलेला. दोघांचं पटायचं नाही, त्याने सेटवर काहीतरी आगाऊपणा केला आणि तिने थोबाडीत दिली अशी हकीकत आहे, आणि 'डीटूर'मध्ये कॅमेरा बंद झाला की बोलणं बंद. पडद्यावर ते जे एकमेकांना चावतात त्यातलं ॲक्टिंग किती कुणास ठाऊक. त्याचं पुढचं आयुष्य मात्र भयंकर आहे. १९५१ मध्ये बार्बरा पेटन नावाच्या नटीवरून त्याने फ्रँचॉट टोन या मोठ्या नटाला इतकं मारलं की तो हॉस्पिटलात, आणि याचं करिअर खल्लास. १९६५ मध्ये त्याच्या बायकोचा गोळी लागून मृत्यू झाला, खटला चालला, खून म्हणून नाही पण सदोष मनुष्यवधाच्या सौम्य प्रकारात शिक्षा झाली, सहा वर्षं आत. बाहेर आला आणि १९७२ मध्ये गेला. बार्बरा पेटन तर त्याआधीच, १९६७ मध्ये, एकोणचाळिसाव्या वर्षी दारूने गेली.

त्या काळातल्या लहान नट्यांबद्दल लिहायचं म्हटलं की लोकांना हीच गोष्ट हवी असते, पेटनची. वर चढली, घसरली, एकटी मेली. ॲन सॅव्हेजबद्दलही ज्याने त्याने 'विस्मृतीत गेलेली' असा सूर लावलेला मी वाचलाय आणि दर वेळी मला राग आलाय. कोणाच्या विस्मृतीत? ती स्वतः कुठे हरवली होती का?

झालं ते असं. 'डीटूर' आला, गेला, दुसऱ्या कुठल्यातरी पिक्चरला जोडून. त्याच वर्षी ॲनने पीआरसीसाठीच आणखी एक केला, 'अपॉलॉजी फॉर मर्डर', तो म्हणजे आदल्या वर्षीच्या 'डबल इन्डेम्निटी' या सुपरहिटची उघड उघड कॉपी, आणि नावसुद्धा आधी 'सिंगल इन्डेम्निटी' ठेवणार होते! मूळवाल्यांनी डोळे वटारले म्हणून बदललं. असे पिक्चर करत करत ती पन्नाशीच्या दशकात आली, पण तोवर धंदाच बदलला होता. १९४८ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्टुडिओंना आपली थिएटर्स सोडायला लावली आणि घरोघरी टीव्ही आला. तासाभराची स्वस्त करमणूक लोकांना फुकट मिळायला लागली, बी पिक्चरची गरज संपली. ॲन काही वर्षं टीव्हीवर छोटी कामं करत राहिली, मग नवऱ्याबरोबर न्यूयॉर्कला. १९६९ मध्ये बर्ट गेला. ती लॉस एंजेलिसला परत आली.

आणि वकिलांच्या ऑफिसात नोकरीला लागली.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा ऑफिसातच होते, लंच टाइम, डब्यातली मेथीची भाजी तशीच राहिली. मला लगेच ती दिसायला लागली, टाइपरायटरपुढे, कुणाचातरी जबाब टाइप करतेय, की मी गाडी चालवत होतो आणि तो अचानक समोर आला, माझा काही दोष नाही. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा काय असेल? हे सगळं माझ्या मनचं आहे, ती तिथे नेमकी कोणत्या टेबलावर बसायची मला काय माहीत. पण वीस-पंचवीस वर्षांपूर्वी एका खोट्या माणसाला गाडीत सोलून काढलेली बाई खऱ्या वकिलांच्या फायली लावतेय, यात मला तरी घसरण दिसत नाही. पगार वेळेवर होत असेल. कोणी केसांत क्रीम लावत नसेल. शिवाय तिने विमान चालवायला शिकून घेतलं, लायसन्स काढलं. विस्मृतीत गेलेली बाई वर आकाशात होती म्हणजे.

दरम्यान खाली पिक्चर आपला आपण जगत होता. कॉपीराइट वाढवून घ्यायला लागायचा तेव्हा, तो कोणी वाढवलाच नाही, त्यामुळे 'डीटूर' कोणाचाच राहिला नाही आणि म्हणून सगळ्यांचा झाला. टीव्ही चॅनेल रात्री उशिरा फुकटात लावायचे, कॅसेटवाले कॉपीच्या कॉपीची कॉपी विकायचे. मी बघितला तो असाच, यूट्यूबवर, आवाज खरखरीत, पावसासारखे ओरखडे, रात्र आणि धुकं यात फरक कळत नाही. पण फ्रेंच समीक्षकांनी उल्मरला उचलून धरलं, मग अमेरिकेत कॉलेजांतून दाखवायला लागले. ऐंशीच्या दशकात लॉस एंजेलिसला एका खेळाला उल्मरची बायको बोलायला आली होती आणि प्रेक्षकांत ही बसलेली, कुणाला न सांगता. १९९२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय फिल्म नोंदणीत 'डीटूर'ची नोंद झाली, देशाने जपायचे म्हणून ठरवलेले पिक्चर असतात त्यात. २०१८ मध्ये तो स्वच्छ करून नवी प्रिंट निघाली. नवी प्रिंट मी बघितली आणि तेव्हा मला व्हेराचे केस नीट दिसले. खरंच तेलकट आहेत.

शेवटी व्हेरा मरते, आणि तेही ॲल सांगतो तसंच. दारूच्या नशेत ती पोलिसांना फोन लावते म्हणत फोन उचलून बेडरूममध्ये पळते, दार लावून घेते, पलंगावर पडते, वायर गळ्याभोवती. तो बाहेरून दाराखालून वायर ओढतो, तोडायला म्हणून. ओढतो, ओढतो. दार फोडून आत येतो तर. मग कॅमेरा त्या खोलीतल्या एकेका वस्तूवर जातो, फोन, बाटली, ड्रेसिंग टेबलवरचं सामान, आणि दर वेळी चित्र आधी धूसर होतं मग स्पष्ट होतं मग परत धूसर. पहिल्या मृत्यूला दगड जबाबदार, दुसऱ्याला वायर. या माणसाच्या आसपास वस्तूच लोकांना मारतात! आणि उलटतपासणी घेणारी आता राहिली नाही, त्यामुळे पुढचं सगळं परत त्याच्या एकट्याच्या तोंडून.

ॲनला मात्र आणखी एक काम मिळालं. मध्ये १९८६ मध्ये एका पिक्चरमध्ये ती ननच्या छोट्या रोलमध्ये येऊन गेली, ते सोडा. मी म्हणतेय ते 'माय विनिपेग', २००७. कॅनडाचा दिग्दर्शक गाय मॅडिन, आपल्या गावावर आणि आपल्या आईवर अर्धी खरी अर्धी थापांची अशी डॉक्युमेंटरी काढत होता आणि आईच्या कामासाठी त्याला व्हेरा हवी होती. ती तेव्हा पंच्याऐंशीच्या पुढे. त्यात एक सीन आहे, मुलगी रात्री उशिरा घरी आलीय, रडतेय, हायवेवर गाडीला हरीण धडकलं म्हणतेय, बंपरला केस आणि रक्त लागलंय. आई उभी. हरणाची गोष्ट ऐकून घेते आणि तिचा एक शब्दही खरा मानत नाही. रात्री दहानंतर गाडीला रक्त लावून येणारी पोर साधीसुधी नसते असं काहीतरी म्हणते आणि मग एकेक प्रश्न, कोण होता, कुठे, मागच्या सीटवर का? बासष्ट वर्षांनी परत एक गाडी, परत एक अपघात, परत एक 'माझा काही दोष नाही', आणि समोर तीच बाई. मान तशीच वळते.

हा तिचा शेवटचा पिक्चर, २५ डिसेंबर २००८ ला ती गेली, सत्त्याऐंशी वर्षांची होऊन. पण त्यातला मला आवडतो तो सीन हा नाही, अगदी सुरुवातीचा आहे, पिक्चर खरा सुरू व्हायच्या आधीचा. नुसता तिचा चेहरा आहे आणि बाहेरून दिग्दर्शकाचा आवाज. तो वाक्य सांगतो, ती म्हणते. तो म्हणतो, जरा जोर देऊन. ती परत म्हणते. तो अजून एकदा सांगतो, ती मान हलवते, घसा साफ करते आणि तेच वाक्य पुन्हा घेते.